पोस्टर नंतर, आधी जागा!

स्वतःची गाणी करणाऱ्यांचा आणि ती ऐकणाऱ्यांचा छोटा मेळावा भरवायचाय? आधी बघा, १०० मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय आहे का. असेल तर ते शांतता क्षेत्र असू शकतं, आणि तिथे लाउडस्पीकर चालत नाही. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव मुंबईत धोबीतलावच्या ज्या रंगभवनात गाजला, ते याच नियमापायी मुकं झालं. अजून हळहळ वाटते.

उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी हवी, आणि रात्री १० ला बंद. म्हणून पाचलाच सुरू करा. साउंडचेकला मात्र पुरता वेळ द्या. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर नवखा गायक हमखास सुरातून घसरतो. मधल्या वेळेत सिनेमाची गाणी नकोत, त्यांना परवाना लागतो. आलेल्यांचीच रेकॉर्डिंग वाजवा!