आठ मैलांची आगगाडी

नव्या माणसाची ओळख झाली की शहरातला मनुष्य प्रथम गाव विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "तुमचे स्टेशन कोणते?" आम्हा अमडापूरकरांना हा प्रश्न जरा जड जातो. अमडापूर म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, खामगाव-चिखली रस्त्यावरचे आणि टेकडीवरच्या देवीमुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव. गावाला बाजार आहे, शाळा आहे, एस. टी. आहे, नाही ते फक्त रेल्वे स्टेशन. तेव्हा आम्ही सांगतो, "स्टेशन खामगाव." यावर वेळापत्रकाशी चांगली ओळख असलेला एखादा गृहस्थ हटकून विचारतो, "पण खामगाव मेन लाइनवर कुठे आहे?" खरे आहे. खामगावाहून छोट्या गाडीने जलंबला यायचे आणि तिथे मोठी गाडी धरायची. म्हणजे आमच्या स्टेशनालाही दुसरे स्टेशन लागते!

जलंब ते खामगाव हे अंतर अवघे आठ मैल, आजच्या हिशेबाने तेरा किलोमीटर. एवढ्याशा फाट्याला इतिहास तो काय असणार, असे कुणालाही वाटेल. पण या आठ मैलांत इंग्लंड आहे, अमेरिका आहे, एक व्हाइसरॉय आहे आणि वऱ्हाडातला शेतकरी तर आहेच आहे.

आरंभ १८५३ सालापासून करू. त्या वर्षी १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढच्याच महिन्यात निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. तैनाती फौजेच्या खर्चाची थकबाकी चढली होती. तिच्यापोटी हा मुलूख गेला. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचेच राहिले, पण महसूल आणि कारभार इंग्रजांकडे आला. मुंबईत रूळ पडू लागले त्याच वेळी ही काळी जमीन इंग्रजांच्या हाती आली, हा योगायोग वऱ्हाडला फार दूर घेऊन गेला.

कापूस इथे पूर्वीही पिकत होता. अडचण होती ती तो बाहेर नेण्याची. वऱ्हाड-नागपूरकडचा पुष्कळ कापूस एके काळी बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापुरास जाई आणि तेथून नावेने कलकत्त्यास. दुसरा रस्ता घाट उतरून मुंबईस जाणारा. तोही काही सोपा नव्हता. वाटेत धूळ बसे, वळवाचा पाऊस गाठी, चाके काळ्या चिखलात रुतत. शेतातून निघालेला पांढरा कापूस पेठेत पोचेपर्यंत मातकट होई, आणि दोष मात्र यायचा तो पिकवणाऱ्याच्या माथी.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव असे चढले की वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत रुपया खुळखुळू लागला. ज्वारीच्या रानात कपाशी आली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पण कपाशी काही रानातून गेली नाही. त्याच वर्षी थळघाटाची चढण फोडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटमाथा गाठला, आणि १८६७ साली तिची गाडी नागपुरास पोचली.

ही लोहवाट वऱ्हाडातून गेली ती पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला अशी ती गेली आणि कापसाच्या दोन थोर पेठा तिने बाजूला टाकल्या: एक अमरावती, दुसरी खामगाव. ज्या मालासाठी एवढा खटाटोप केला तो माल स्टेशनापासून काही मैलांवर गाड्यांत पडून राहावा, हे सरकारास रुचेना. मग सरकारी पैशाने दोन फाटे काढायचे ठरले. जलंब-खामगाव फाटा १८७० साली झाला. बडनेरा-अमरावती हा त्याच्या पाठोपाठ १८७१ साली.

आमच्या फाट्याचा थाट काय वर्णावा! त्याच्या उद्‌घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. आठ मैलांच्या रुळांसाठी सगळ्या हिंदुस्थानचा कारभारी! पण तो आला होता खामगावच्या कापसासाठी. आदल्याच नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला होता. खामगावात दाबलेली गाठ आता वाटेत एकदाही बैलाच्या पाठीवर न चढता मुंबईच्या बंदरात आणि तेथून कालव्याने लिव्हरपुलास जाऊ शकत होती. (या मेयोचा पुढे दोनच वर्षांनी, १८७२ मध्ये, अंदमानात एका कैद्याने खून केला.)

स्टेशन आले आणि खामगावचे रूप पालटले. सरकी काढणारे जिन आले, रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आले, धुराडी उभी राहिली. अडते, दलाल, मापारी, हमाल, हॉटेलवाले असा सारा गोतावळा जमला. मुंबईचा भाव तारेने येऊ लागला.

आता घाटावर या. बुलढाणा जिल्ह्यातला मनुष्य आपला जिल्हा दोन शब्दांत मांडतो: 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हे घाटाखालचे. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि खुद्द बुलढाणा हे घाटावरचे. रूळ आले ते घाटाखाली. अमडापूर घाटावर.

माझे आजोबा कापसाच्या गाडीबरोबर खामगावास जात. संध्याकाळी गाडी जुंपायची, कंदील जोखडाखाली टांगायचा, चार-पाच गाड्यांची सोबत धरायची आणि रात्रभर घाट उतरत जायचे. सकाळी बाजारात माल उभा. अडत्याने रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगितला की आजोबा म्हणत, "शेटजी, जरा वाढवा की." शेटजी शांतपणे म्हणे, "नाही परवडत तर घेऊन जा, पाटील." घेऊन जायचा कुठे? भरली गाडी पुन्हा घाट चढवायची? बैल थकलेले, वैरण संपलेली. माल तिथेच द्यावा लागे. आजोबा म्हणत, "भाव मुंबईत ठरतो हे खरं, पण आपला भाव घाट ठरवतो." पुस्तकांतून वऱ्हाडच्या कापसाविषयी मी जे जे वाचले, त्यात याहून नेमके वाक्य मला सापडले नाही.

स्टेशन जवळ असणे म्हणजे केवळ प्रवासाची सोय नव्हे. ज्याच्या गावाजवळ स्टेशन, त्याला 'आज नाही, उद्या विकीन' असे म्हणता येते. ज्याचे दूर, त्याला ते म्हणता येत नाही. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाड होरपळले, तेव्हा बाहेरचे धान्य रुळांवरूनच येत होते. रूळ संपले की पुढे पुन्हा बैल, आणि बैलांनाच चारा नव्हता. रुळाचे शेवटचे टोक कोठे आहे याला अशा वेळी किती अर्थ येतो ते सांगायला नको.

घाटावर गाडी यावी ही मागणी म्हणूनच जुनी आहे. दक्षिणेला जालना. तेथे निजामाच्या मुलखातली मनमाड-सिकंदराबाद गाडी १९०० च्या सुमारास आली. खामगावाहून चिखली, देऊळगाव राजा करीत जालन्यास रूळ नेले की दोन्ही वाटा जोडल्या जाणार, हे नकाशा पाहून शाळकरी पोरही सांगेल. १९१० च्या सुमारास इंग्रजांच्या राजवटीत या मार्गाची पाहणीही झाली.

मग घोडे अडले कुठे? माझ्या मते तीन अडथळे होते. पहिला सरहद्दीचा: देऊळगाव राजा वऱ्हाडात, जालना निजामाच्या राज्यात. दुसरा रुळांच्या रुंदीचा: खामगावचा रूळ रुंद, जालन्याचा मीटर गेज. गंमत अशी की मीटर गेजचा निर्णय झाला तोही १८७० सालीच आणि याच मेयोच्या कारकिर्दीत! दोन वाटा जोडल्या असत्या तरी एका ठिकाणी सारा माल उतरवून पुन्हा भरावा लागला असता. तिसरा अडथळा घाटाचा.

आज पाहा. सरहद्द १९५६ साली पुसली गेली. मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले. जालन्याचे रूळही १९९० नंतरच्या दशकात रुंद झाले. उरला घाट, आणि ज्या देशाने कोकण रेल्वेसाठी सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगरामागून डोंगर पोखरले, त्याला आमचा घाट अवघड वाटावा असे काही नाही. पाहण्या झाल्या, निवेदने गेली, मोर्चे निघाले. मधल्या काळात जालन्याहून जळगावला जाणाऱ्या दुसऱ्या एका मार्गाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्या भागाचे अभिनंदन! पण चिखलीच्या बाजारात त्या दिवशी लोक एकमेकांकडे पाहत राहिले असतील, यात मला शंका नाही.

कोणी म्हणेल, आता चांगले रस्ते झाले, ट्रक आले. आगगाडीचा एवढा सोस कशाला? सोस अशासाठी की आमच्या रानात आता कपाशीबरोबर सोयाबीन आहे, आणि ट्रकचे भाडे शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून जाते. सोस अशासाठी की सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आणि लोणारचे जगप्रसिद्ध सरोवर आमच्याच घाटावर आहे, आणि तिकडे निघालेल्या प्रवाशाला आगगाडी दुरूनच सोडून द्यावी लागते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्यालाही स्टेशन नाही. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या घाटावरच्या पोरींना सुटीत घरी यायचे तर शेगाव किंवा मलकापूरला उतरून, सामान सांभाळत, पुढे एस. टी. शोधावी लागते.

शेगावचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. तिथले स्टेशन झाले तेव्हा गजानन महाराज प्रकटलेही नव्हते. ते प्रकटले १८७८ मध्ये. रूळ टाकणाऱ्यांच्या मनात कापूस होता. पण त्या फलाटावर आज वर्षभर भक्तांची रीघ असते. स्टेशन कशासाठी बांधले आणि ते कुणाच्या उपयोगी पडले, याचा मेळ साहेबाला कधीच घालता आला नसता. वाट झाली की माणसे आपले कारण घेऊन येतात.

जलंब-खामगाव आठ मैल. खामगाव-जालना सुमारे शंभर. पहिले आठ मैल कापसाच्या गाठींना तातडीने हवे होते, म्हणून व्हाइसरॉय धावत आला. उरलेले शंभर माणसांना हवे आहेत, आणि त्यांनी शंभर वर्षांवर वाट पाहिली आहे. मैलाला एक वर्ष असा हिशेब धरला, तरी आमची बाकी आता फिटली असे म्हणायला हरकत नाही.