तिखट कानांचा मायक्रोफोन

नोव्हेंबर १९०२. कलकत्त्यातील एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी आपली यंत्रसामग्री मांडली होती. गौहर जान यांच्यापुढे होता एक कर्णा. त्याच्या तोंडाशी जाऊन, आवाज चढवून, सुमारे तीन मिनिटांत त्यांनी गाणे आटोपले आणि शेवटी स्वतःचे नाव उच्चारले. तबकड्या छापल्या जाणार होत्या दूर जर्मनीतील हॅनोव्हर येथे. गाणे कोणाचे, हे तेथील कारागिरांना कळावयास हवे होते. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ त्याच दिवसांतला. त्यात वीज नव्हती आणि मायक्रोफोनही नव्हता. स्वराच्या धक्क्याने सुई हाले आणि मेणावर रेघ उमटे. कर्णा जवळजवळ बहिराच; तानपुऱ्याचा नाजूक झंकार त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचे.

आज अडचण नेमकी उलटी आहे. स्टुडिओतील कन्डेन्सर मायक्रोफोनचे कान इतके तिखट असतात की, गायकाच्या श्वासापासून शेजारच्या खोलीतील घड्याळापर्यंत सारे तो निमूटपणे टिपून घेतो. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेंटे यांनी १९१६ मध्ये तो सिद्ध केला. पंखा फिरेनासा झाला की मिस्त्री जो कन्डेन्सर बदलतो, त्याच तत्त्वाचे हे नाजूक रूप. अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला पडदा आणि त्यामागे केसाएवढ्या अंतरावर धातूची चकती. स्वराने पडदा थरथरला की अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युतसंकेतही. यासाठी लागणारा ४८ व्होल्टचा दाब मिक्सरमधून त्याच तीन पिनांच्या केबलने माइकपर्यंत येतो. त्याला ‘फँटम पॉवर’ म्हणतात. आधी केबल जोडावी, आवाजाची कळ पूर्ण खाली घ्यावी आणि मगच हा दाब सुरू करावा. जुन्या रिबन माइकला मात्र तो चुकूनही देऊ नये.

केसाएवढ्या त्या अंतरात कोलकात्याची हवा शिरते, तेथे खरी कसोटी लागते. दुर्गापूजेच्या निमित्ताने नवी गाणी प्रसिद्ध करण्याची बंगालची परंपरा जुनी. म्हणजे ध्वनिमुद्रणाचे दिवस येतात ते ऐन उन्हाळ्या-पावसाळ्यात. त्या काळात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. पडद्यावर ओल धरली की कढईत तळण चालावे तशी चरचर ऐकू येऊ लागते. थंड केलेल्या खोलीतून माइक एकदम बाहेरच्या दमट हवेत नेला, तर चष्म्यावर धुके धरावे तसे त्याच्यावर बाष्प जमते. म्हणून तो डब्यात बंद करूनच हलवावा आणि बाहेरच्या हवेशी जुळवून घेण्यास थोडा वेळ द्यावा. डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. चरचर सुरू झालीच, तर माइक दिवसभर कोरड्या डब्यात ठेवावा. पुष्कळदा तो आपोआप पूर्ववत होतो. चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी माइकवर फुंकर मारण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

हे सारे जपायचे ते कशासाठी? कोलकात्याच्या टॉलीगंज भागातील संगीत रिसर्च अकादमीत महाराष्ट्रातून गेलेल्या निवृत्तीबुवा सरनाईकांनी शिष्य घडविले. १९९३ मध्ये पंडित उल्हास कशाळकर तेथे गुरू म्हणून रुजू झाले. निवृत्तीबुवा आज केवळ ध्वनिमुद्रणांतूनच भेटतात. बुजुर्ग गायकाचा एखादा विलंबित ख्याल ज्या दिवशी जमतो, तो त्याच दिवशी जमतो. त्यात चरचर मिसळली, तर दुसऱ्या दिवशी तोच राग मिळेल, तीच बढत मिळणार नाही.

मांडणीत पहिली चूक घडते ती माइकच्या तोंडाची. मोठ्या पडद्याचे बहुतेक माइक टोकाकडून ऐकत नाहीत, बाजूने ऐकतात. त्यांचा ‘कार्डिऑइड’ नावाचा प्रकार समोरचे स्पष्ट आणि पाठीमागचे अगदी थोडे ऐकतो. तेव्हा ट्रामच्या रस्त्याकडची खिडकी त्याच्या पाठीशी यावी. सुगम संगीतासाठी गायकापासून वीतभर अंतर पुरते. फार जवळ गेल्यास खर्ज अवाजवी फुगतो. ख्यालगायकाला मात्र हातभर अंतर द्यावे, कारण मंद्रातील कुजबुज आणि तार सप्तकातील पुकार दोन्ही एकाच माइकला पेलायच्या असतात. प, फ, ब, भ या ओष्ठ्य वर्णांचा झोत पडद्यावर थेट आदळू नये म्हणून मध्ये जाळी लावावी आणि माइक किंचित तिरका करावा. तबल्याला वेगळा माइक दिल्यास दोन माइकांमधील अंतर, माइक आणि वाद्य यांतील अंतराच्या तिप्पट असावे. संगणकावर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच ठेवावी. रंगात आलेला गायक सूचना देऊन तार षड्जाला जात नाही.

पंखा बंद, वातानुकूलन यंत्र बंद आणि बाहेर बंगालचा श्रावण! खोली आधी चांगली गार करून घेणे आणि प्रत्यक्ष मुद्रणापुरते यंत्र बंद ठेवणे, एवढाच उपाय उरतो. घरच्या घरी स्टुडिओ उभारणारी तरुण मंडळी हल्ली सर्वांत महागड्या माइकची चौकशी प्रथम करतात. त्यासाठी कर्ज काढण्याआधी खोलीत उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. भिंती ती टाळी परत करीत असतील, तर माइकही तेच ऐकणार आहे. जाड पडदे, सतरंज्या आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांचा खर्च माइकच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

मुद्रण संपल्यावर आवाजाची कळ खाली, मग ४८ व्होल्ट बंद, मग केबल सुटी. मऊ कापडाने बाहेरची जाळी तेवढी पुसून माइक डब्यात जातो. झाकण लावण्यापूर्वी पुडीतील दाण्यांचा रंग पाहावा. निळे दाणे गुलाबी झाले असतील, तर पुडी त्याच वेळी बदलावी.