साग, मोह आणि वाघूळ

सटाण्याहून साल्हेर-मुल्हेरच्या बाजूला निघाले की डाळिंब-कांद्याची शेते मागे पडतात आणि डोंगरउतारांवर साग दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, जंगल आले. परंतु जंगल म्हणजे झाकलेली जमीन नव्हे. तिथे कोणकोणत्या जिवांचे पोट भरते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वाघूळ फार चांगले देते.

जगातील सस्तन प्राण्यांच्या दर पाच प्रजातींमागे एक वाघळाची आहे. त्यांतली फळे खाणारी मोठी वाघळे दूरवर उडतात. रान तुटले तरी गावच्या वडावर मुक्काम करून बागेत पोट भरतात. कीटक खाणाऱ्या लहान वाघळांत, म्हणजे पाकोळ्यांत, दोन तऱ्हा आहेत. लांब, अरुंद पंखांच्या पाकोळ्या मोकळ्यावर वेगाने उडतात. त्यांना शेत काय नि रस्त्यावरचा दिवा काय, सारखेच. रुंद पंखांच्या, नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असलेल्या पाकोळ्या मात्र दाट झाडीत संथ उडत, जवळच्या प्रतिध्वनीवर किडा टिपतात. झाडी गेली की त्यांचे हे कसब वाया जाते. म्हणूनच माणसाने बदललेल्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत पुष्कळदा असे आढळते की डोकी कमी होत नाहीत, कधी वाढतातही. प्रकार मात्र घटतात. निफाडच्या उसात बिबट्या पिले वाढवतो. भीमाशंकरचा शेकरू उसात काय करील? त्याला फांदीला फांदी लागलेली हवी.

जंगल कोणी बदलले, असे विचारले की बोट आदिवासीच्या कुऱ्हाडीकडे जाते. हे सोयीचे आहे. बागलाणला लागून असलेल्या डांगातले जंगल इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतले, ते सागासाठी. १८७८ च्या वन कायद्याने सरकारची पकड पक्की केली. १९७४ साली राज्याचे वनविकास महामंडळ निघाले आणि मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावणे हा विकास ठरला. साग लाकूड देतो; फलाहारी वाघळाला त्यात फारसे काही नाही. ऐन उन्हाळ्यात तो पानेही टाकून उभा असतो.

मोहाचे तसे नाही. त्याच दिवसांत तो रात्री फुलतो. वाघूळ गोड, मांसल फुले खायला येते. तोंडाला चिकटलेले पराग दुसऱ्या झाडावर नेते. पुढे फळ उचलून दूर नेऊन खाते आणि बी तिथे टाकते. पहाटे गळलेली फुले बाया वेचतात. एकाच झाडावर दोघांची गुजराण! २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा वेचणाराचा हक्क मान्य केला खरा. पण मोहच उरला नाही तर हक्क कशावर सांगायचा?

आणि या वाघळाला कायद्याने काय म्हटले? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणारी वाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीला, उपद्रवी म्हणून बसवली. ती यादी रद्द व्हायला २०२२ ची दुरुस्ती यावी लागली. मधल्या काळात किती मारली गेली, त्याला कोण विचारतो? २०२१ साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने सांगितले. त्यावरून गुहेत उगाच शिरू नये, उष्टे फळ खाऊ नये, एवढेच निघते. मारा असे निघत नाही. बहुतेक वाघळांची मादी वर्षाला एकदोनच पिले देते. मोडलेली वसाहत लवकर भरून येत नाही.

बागलाणातल्या शिक्षकांनी चैत्रात एक संध्याकाळ मुलांना घेऊन मोहाखाली बसावे आणि एक संध्याकाळ सागाच्या रांगांत. कोण येते, किती वेळ थांबते, वहीत लिहावे. मोह वेचणाऱ्या बाईला मात्र आधी विचारावे. कुठले झाड कोणत्या साली फुलले नाही, हे तिच्या ध्यानात असते.