उमेदवार नसलेली खुर्ची

२०२५च्या मे महिन्यात कर्नाटकाचा दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ६२.३४ टक्के होता. दक्षिण कन्नड जिल्हा ९१.१२ टक्क्यांनी पहिला आला आणि कलबुर्गी ४२.४३ टक्क्यांनी शेवटचा. मंगळूरकडची दहातली नऊ मुले पुढे गेली, भीमाकाठची दहातली जवळजवळ सहा मागे राहिली. असा निकाल लागला की जिल्ह्यात एकच चौकशी सुरू होते : सध्या डीडीपीआय कोण आहे? वर्षभर ज्यांचे नाव कुणाला ठाऊक नसते, ते साहेब त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. त्यांना नोटीस निघते, कधी बदली होते, आणि पुढच्या निकालापर्यंत खुर्ची पुन्हा निनावी होऊन जाते.

सार्वजनिक शिक्षण खात्याचे उपनिर्देशक, म्हणजे डीडीपीआय, हे जिल्ह्यातल्या सरकारी शाळांचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली ब्लॉकवार क्षेत्र शिक्षणाधिकारी, म्हणजे बीईओ. बीदरमध्ये बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण आणि हुमनाबाद असे पाच ब्लॉक आहेत. कलबुर्गीत आळंद, अफजलपूर, जेवरगी, चिंचोळी, चित्तापूर, सेडम आणि कलबुर्गी शहराचे उत्तर व दक्षिण असे आठ. वर विभागाचे अपर आयुक्त कलबुर्गीत बसतात. ही उतरंड तालुक्यातल्या कोणत्याही शिक्षकाला तोंडपाठ असते. या खुर्चीसाठी कोण कोण इच्छुक होते आणि त्यातून हेच का निवडले, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. ऑर्डर निघते, साहेब रुजू होतात, हारतुरे होतात. जागा भरली नाही तर शेजारच्या कुणाकडे 'इन्चार्ज' म्हणून सोपवली जाते.

अमेरिकेत हा प्रकार वेगळा आहे. तिथे तेरा हजारांच्या आसपास शालेय जिल्हे आहेत. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले शाळा मंडळ अधीक्षकाची नेमणूक करते. पुष्कळ जिल्ह्यांत शेवटच्या फेरीतल्या उमेदवारांची नावे जाहीर होतात आणि पालक त्यांना समोर बसवून प्रश्न विचारतात. फ्लोरिडासारख्या राज्यात काही जिल्हे तर अधीक्षकालाच मतदानाने निवडतात. त्या पद्धतीतही राजकारण भरपूर आहे, तिची आरती ओवाळायचे कारण नाही. पण तिथला उमेदवार नोकरी मिळण्याआधी बोलतो. आपल्याकडचे साहेब बोलतात ते निकाल लागल्यावर, खुलासा म्हणून.

बीदर-कलबुर्गीच्या बाबतीत या अबोलपणाला जुना इतिहास आहे. हे दोन्ही जिल्हे आधी हैदराबाद संस्थानात, पुढे १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या कारभारात शिक्षणखात्याचे प्रमुख नाझिम तालीमात, त्यांच्या खाली मोहतमिम. सगळी नेमणूक वरून. १९१६ ते १९२८ या काळात सय्यद रॉस मसूद हे या खात्याचे संचालक होते. माणूस मोठा विद्वान, जपानला जाऊन तिथली शिक्षणपद्धती पाहून आला आणि तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. पण भालकीच्या मराठी किंवा आळंदच्या कन्नड बापाने त्यांना काही विचारावे अशी सोयच नव्हती. माध्यमिक शिक्षण उर्दूत, खानगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी.

शेजारच्या सोलापूर आणि विजापूर जिल्ह्यांत, म्हणजे मुंबई इलाख्यात, तेव्हा वेगळेच चालले होते. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे गेल्या आणि त्यांच्या स्कूल बोर्डांवर निवडलेली माणसे बसू लागली. मतदार थोडे, जातीपातीचे हिशेब मोठे, मास्तरांच्या बदल्यांवरून भांडणे. १९४७च्या कायद्याने या बोर्डांची घडी पुन्हा बसवली. सीमेच्या त्या बाजूला शाळेचा कारभार ही मते मागण्याची गोष्ट झाली होती, या बाजूला ती अर्ज-विनंतीची गोष्ट राहिली. हा फरक १९५६मध्ये नकाशा बदलल्यावरही पुसला गेला नाही, असे माझे मत आहे.

संस्थानात ज्यांना शाळा हव्या होत्या त्यांनी मग सरकारबाहेर त्या काढल्या. कलबुर्गीचे नूतन विद्यालय १९०७चे. आळंदहून फार लांब नसलेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते स्वामी रामानंद तीर्थ, जन्माने विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करून हेच स्वामीजी १९५२मध्ये गुलबर्ग्यातून, म्हणजे आजच्या कलबुर्गीतून, लोकसभेवर गेले. शाळा चालवणारा माणूस मतदारांपुढे आला तो असा, शाळेची खुर्ची मागायला नव्हे, खासदारकी मागायला.

कलबुर्गीच्या नूतन विद्यालयाचे एक विद्यार्थी म्हणजे मल्लिकार्जुन खर्गे. जन्म भालकी तालुक्यातल्या वरवट्टीचा. १९७२मध्ये ते गुरमिटकलमधून आमदार झाले आणि १९७६मध्ये देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे राज्यमंत्री. त्या काळात अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षकांच्या तुंबलेल्या सोळा हजारांहून अधिक जागा भरल्या गेल्या. या भागातल्या दलित वस्त्यांतून पहिल्यांदा मास्तर झालेल्या घरांचा विचार करताना हा आकडा विसरता येत नाही. जिल्ह्याचे कुणी कधी शाळांच्या कारभाराच्या माथ्यावर पोचलेच नाही, असे म्हणण्यात म्हणून अर्थ नाही. पोचले, पण विधानसभेच्या वाटेने, बेंगळुरूमार्गे.

कर्नाटकाने मधली वाट करून पाहिली नाही असेही नाही. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि अब्दुल नझीर साब पंचायत राज मंत्री असताना १९८३चा कायदा झाला आणि १९८७च्या जानेवारीत जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा, सनदी अधिकारी त्याच्या हाताखाली, प्राथमिक शाळा परिषदेकडे. १९९३च्या कायद्याने परिषदेची जिल्हा पंचायत झाली, अधिकार आक्रसले, तरी शिक्षण आणि आरोग्याची स्थायी समिती राहिली. महाराष्ट्रात १९६२पासून शिक्षण सभापती असतो, तसा काहीसा हा मंच. इथे निदान एक निवडून आलेला माणूस उपनिर्देशकांना बैठकीत विचारू शकत होता, 'साहेब, औरादच्या त्या शाळेत मास्तर का नाही?' मात्र या पंचायतींची शेवटची निवडणूक २०१६च्या फेब्रुवारीत झाली. २०२१मध्ये मुदत संपली. त्यानंतर मतदारसंघांची फेररचना, आरक्षण, न्यायालय यांत निवडणूक रखडत गेली आणि सभागृहांत प्रशासक आले. महाराष्ट्राने कर्नाटकाकडे बोट दाखवू नये. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या परिषदांवरही २०२२पासून वर्षानुवर्षे प्रशासकच होते. सीमावादात दोन राज्यांचे जुळत नाही, या बाबतीत चांगले जुळले.

उरते गावातली एसडीएमसी, शाळा विकास आणि देखरेख समिती. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने ती सुचवली आणि २८ एप्रिल २००१च्या शासन आदेशाने ती अस्तित्वात आली. मुलांचे आईबाप जमून आपल्यातलेच सदस्य निवडतात, सदस्य अध्यक्ष निवडतात. २००६च्या उपविधींनी समिती ग्रामपंचायतीशी जोडली गेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे ठरवले. संपूर्ण उतरंडीत पालकाला आज खरेखुरे मत आहे ते फक्त इथे.

या निवडणुकीची चेष्टा करणे सोपे आहे. पुष्कळ गावांत ती होतच नाही, चावडीवर नावे ठरतात आणि 'एकमताने' असा ठराव लिहिला जातो. अध्यक्षपद गावच्या गटातटाचा मान म्हणून वाटले जाते. बाईचे नाव यादीत आणि सही नवऱ्याच्या सांगण्यावरून, हेही नवे नाही. तरीही मला ही समिती महत्त्वाची वाटते. शाळेच्या खात्यावर हेडमास्तरांबरोबर अध्यक्षाची सही लागते. शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. खोलीचे छप्पर गळते आहे, शौचालयाला पाणी नाही, दुपारच्या जेवणाचा तांदूळ किडका आला, हे प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क शेतमजूर आईला तिने दिला. दिला नाही तो शिक्षकाचा. शिक्षक नेमणे, ठेवणे, बदलणे यांतले काहीच समितीच्या हातात नाही. या भागातल्या शाळांचे मूळ दुखणे नेमके तेच आहे : रिकाम्या जागा, आणि त्या भरेपर्यंत मानधनावरचे अतिथी शिक्षक.

शिक्षकांच्या बदल्यांसाठी कर्नाटकात कायदा आहे, आधी २००७चा, मग २०२०चा. समुपदेशन होते, ज्येष्ठता याद्या लागतात, गुण मोजले जातात. एका प्राथमिक शिक्षकाने गाव बदलायचे तर इतकी उघड प्रक्रिया. त्या सगळ्यांच्या साहेबांची नेमणूक मात्र एका ओळीच्या आदेशाने. २०१२मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ९८व्या घटनादुरुस्तीने या प्रदेशाला कलम ३७१ (जे) मिळाले. स्थानिकांसाठी गट 'अ'ची कनिष्ठ श्रेणी आणि गट 'ब' यांत ७५ टक्के, गट 'क'मध्ये ८० आणि गट 'ड'मध्ये ८५ टक्के जागा राखीव झाल्या. बीईओ इथलाच असण्याची शक्यता त्यामुळे वाढली. उपनिर्देशकाची वरिष्ठ श्रेणी या हिशेबात येत नाही. मी स्थानिकतेचा भक्त नाही. बाहेरचा कर्तबगार अधिकारी घरच्या आळशापेक्षा बरा. पण तीन वर्षे मिळतील की सहा महिने याची खात्री नसलेला अधिकारी, कर्तबगार असला तरी, ४२ टक्क्यांचे करणार काय? दहावीला नापास होणारे मूल तिसरीतच वाचायचे थांबलेले असते. ते दुखणे एका साहेबाच्या कारकिर्दीत बसत नाही.

नंजुंडप्पा समितीने २००२मध्ये राज्यातले ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यांतले निम्म्याहून जास्त कलबुर्गी विभागातले. आता कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाच्या 'अक्षर आविष्कार' योजनेतून शाळांसाठी पैसा येतो आहे. पैसा आल्यावर तो कुठे लावायचा हे सांगणारा, आणि लागला नाही तर लोकांपुढे उभा राहणारा कोण, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

मराठी शाळांच्या वाट्याला हे सगळे दुप्पट येते. जुन्या बीदर जिल्ह्यात कोणतीच एक भाषा निम्म्या लोकांची नव्हती. १९५६मध्ये उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला आणि ८६५ गावांची मागणी अजून कागदावर आहे. दरम्यान कमलनगर किंवा हुलसूरच्या मुलाला सकाळी शाळेत जायचेच असते. राज्य मराठीसह सात माध्यमांची पाठ्यपुस्तके छापते. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्यायचे, हे सूत्र १९४९पासूनचे आहे. २०१५च्या कायद्याने पहिलीपासून कन्नड शिकणे सक्तीचे झाले, आणि त्यात वाईट काही नाही; बीदरमध्ये राहून कन्नड न येणे मुलालाच महाग पडते. अडचण आहे ती मराठी माध्यमाचा शिक्षक निवृत्त झाल्यावर त्या जागी कोण येणार याची. ते एसडीएमसीला ठरवता येत नाही, बीईओ वर लिहितात, वरचे बदलून जातात. मुंबईतल्या सीमाप्रश्नाच्या सभांत या रिकाम्या जागांचा उल्लेख क्वचितच होतो.

निवडणुकीची हौस या भागाला नाही असे मात्र कुणी म्हणू नये. हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्था १९५८ची, खासगी, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये चालवणारी. तिच्या अध्यक्षपदाची निवडणूक कलबुर्गीत आमदारकीच्या तोडीने लढली जाते. २०२४मध्ये शशील नमोशी तिचे अध्यक्ष झाले. तेच २०२०पासून विधान परिषदेत ईशान्य शिक्षक मतदारसंघाचे आमदार आहेत. बीदरपासून बळ्ळारीपर्यंतचा हा मतदारसंघ, शिक्षणाच्या नावावर मते मागितली जातात अशी जवळजवळ एकमेव मोठी जागा. तिच्या मतदारयादीत हायस्कूल, कॉलेजांचे शिक्षक असतात. घटनेच्या कलम १७१ने माध्यमिकपेक्षा खालच्या शाळांतल्या शिक्षकांना हा मताधिकार दिलेला नाही. मुलाला पहिली अक्षरे शिकवणारा भालकीचा प्राथमिक शिक्षक त्या यादीत नाही, त्या मुलाची आईही नाही. सहा वर्षांची ती मुदत २०२६च्या नोव्हेंबरात संपते. उमेदवार फिरतील ते हायस्कुलांतून, जुनी पेन्शन आणि अनुदानाची आश्वासने देत. शेजारच्या प्राथमिक शाळेत त्यांना काही काम नसेल.