जात्यावरची ओवी आणि हातातला मोबाईल

"आजकालच्या बायका वाचतात कुठे? सारखं मोबाईलमध्ये डोकं!" हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पण मैत्रिणींनो, त्या मोबाईलमध्ये जरा डोकावून पाहिले, तर वाचणे थांबलेले नाही, त्याची फक्त रीत बदलली आहे, असेच म्हणावे लागेल.

'प्रतिलिपि'चेच पाहा ना. २०१४ साली सुरू झालेल्या या ठिकाणी मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या कथा वाचायला मिळतात. कादंबरी एकेका भागाने येते. भाग संपला, की वाचणारी तिथेच आपले मत लिहिते. सासू इतकी दुष्ट नको, नायिकेने नोकरी सोडू नये! लेखिका ते वाचते आणि पटले तर पुढचा भाग तसा वळवूही शकते.

परदेशात तर याच्याही पुढची मजल. मायकेल जॉइस या अमेरिकन लेखकाने १९८७ साली 'आफ्टरनून' ही कथा संगणकासाठी रचली. वाचणारा जो शब्द निवडेल, त्याप्रमाणे पुढचे पान उघडते. म्हणजे दोघींनी वाचली, तर दोघींची गोष्ट वेगळी!

नवल वाटले ना? आपल्या आज्यांना मात्र वाटले नसते. जात्यावर दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. भावाचे नाव, माहेरचे गाव बदलायचे, एखादी ओळ आपल्या पदरची जोडायची. ऐकणारी आणि रचणारी वेगळी नव्हतीच. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, खेडोपाडीच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागल्या. गाणारीचे नाव, गाव आणि कित्येकींचा आवाजसुद्धा तिथे आहे.

आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी तर सर्वांना ठाऊक आहेत. आसोद्याच्या या लेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. कामे करता करता त्या गात आणि मुलगा सोपानदेव व घरची मंडळी जमेल तेवढे टिपून घेत. १९५१ साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. टिपणारे कोणी घरात नसते तर? आणि ज्यांच्या घरात नव्हते, अशा किती जणींची गाणी जात्याबरोबरच गेली असतील!

आज टिपून घेणारा मुलगा असायलाच हवा असे नाही. मोबाईलसमोर बोलले तरी मराठी अक्षरे उमटतात. अहिराणी शब्द त्याला पुष्कळदा कळत नाहीत, तेवढे हाताने दुरुस्त करावे लागतात.

पण लिहिणे जितके सोपे झाले, तितकेच पुसले जाणेही, बरं का! २०१९ साली 'गूगल प्लस' बंद पडले आणि लोकांनी हौसेने लिहिलेले तिथून पुसले गेले. उलट धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात (स्थापना १९२७) शेकडो वर्षांपूर्वीची हस्तलिखिते आजही वाचता येतात.

म्हणून एवढे करा. मोबाईलवर लिहिलेले, आवडलेले, एका जाड वहीत उतरवून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या बाईचे गाणे आवाजासकट भरून घ्या. सोबत तिचे नाव, गाव, तारीख लिहा. चार लोकांना पाठवण्याआधी तिला विचारा. गाणे तिचे आहे.

उन्हाळ्यात माहेरी जाल, तेव्हा बिबड्या-कुरडयांचे डबे तर आणालच. त्याबरोबर आत्याच्या चार ओव्याही आणा. बिबड्या दिवाळीपर्यंत संपतील. ओव्या मात्र नातीच्याही कामाला येतील.