मनगटावरचा हिशेब

गेल्या वर्षी मारबतीच्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला. जीभ जड झाली. दुपारपर्यंत पुष्कळसं सावरलं. कागदावर 'सौम्य पक्षाघात' असं आलं. आमच्या धरमपेठेतल्या घरात त्याला लकवाच म्हणाले.

'सौम्य' हा शब्द फसवा. हातपाय चालतात म्हणून घरच्यांना माणूस बरा वाटतो, आणि तो मात्र दुसऱ्या झटक्याच्या भीतीनं खुर्ची सोडत नाही. मीही सोडली नाही. खरं तर उलट हवं. 'इंटरस्ट्रोक' या अनेक देशांतल्या अभ्यासानं २०१० साली दाखवलं, की पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहा कारणांशी जोडता येतो. त्यांत सर्वांत वर रक्तदाब. नियमित हालचालीचा अभावही त्याच यादीत.

डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली तेव्हा मुलीनं पुण्याहून मनगटी पट्टा पाठवला. त्यानं पहिल्याच दिवशी दहा हजार पावलांचं लक्ष्य ठेवलं आणि रात्री ९४० वर मला नापास केलं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या इस्पितळातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीनं 'मानपो-केई' हे पाऊलमोजणी यंत्र विकायला काढलं; नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली यांच्या गटानं सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांची पावलं मोजली. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होतं. ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. (हा अभ्यास पक्षाघाताच्या रुग्णांचा नव्हता, एवढं ध्यानात ठेवावं.)

पण त्या ९४० मध्येही खोट होती. पट्टा पाय पाहत नाही. त्यातला त्वरणमापक मनगटाचे हेलकावे टिपतो. लयीतला, पुरेसा जोरकस हेलकावा आला की एक पाऊल मांडतो. मी तो सवयीनं डाव्या, म्हणजे दुबळ्याच हातावर बांधलेला. तो हात चालताना अंगाशी चिकटून राही. चाल संथ असली, हातात काठी किंवा पिशवी असली तरी हीच गत. गोकुळपेठ बाजारातून मेथी घेऊन आलो, ती वाट त्याच्या लेखी जवळजवळ घडलीच नव्हती! संथ चालीसाठी घोट्यावरचा मापक अधिक खरा ठरतो म्हणतात. घोट्यावर घड्याळ बांधून बाजारात जायचं धाडस मला झालं नाही. पट्टा उजव्या हातावर नेला, पिशवी खांद्यावर.

मग दहा हजार पुसले. आठवडाभर नेहमीसारखंच वागून सरासरी काढली: १,६००. पुढचं लक्ष्य २,०००.

नुसतं यंत्र किती करतं? २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात पक्षाघातानंतर असे मापक वापरलेल्या चारच लहान चाचण्या सापडल्या. चालणं वाढतंच असं म्हणण्याइतका पुरावा निघाला नाही. आपल्याकडच्या 'स्प्रिंट इंडिया' चाचणीत ३१ केंद्रांतले चार हजारांवर रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना मोबाइलवर संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका दिली. वर्षभरात नवे झटके त्यामुळे कमी झाले नाहीत. औषधं नियमित घेणं मात्र सुधारलं.

मे महिन्यात पारा ४५ कडे असताना पट्टा भर दुपारी थरथरायचा, उठा म्हणायचा. मी कूलरपासून देवघरापर्यंत फेऱ्या घालायचो. रात्री आठला पुण्याहून फोन येतो, "बाबा, आज किती?" परवा १,९८० झाले होते. फोन वाजायच्या आत गच्चीवर दोन चकरा मारून आलो.