भट्टीतला वेळ: पहिल्या भाजणीमागचं शास्त्र

वाळलेल्या भांड्याला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, लावण्याआधी एकदा भाजून घेतात. स्टुडिओत या भाजणीला बिस्क म्हणतात. भट्टी साधारण १००० ते १०६० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायची, भांडं टणक व्हावं पण ग्लेझमधलं पाणी शोषण्याइतकं सच्छिद्र राहावं, एवढाच तिचा हेतू सांगितला जातो. त्यामुळे सगळं लक्ष शेवटच्या आकड्याकडे लागतं. पण बिस्क बिघडते ती बहुतेक वेळा वाटेत, आणि तिथे वेळ कमी पडल्यामुळे.

हाताला कोरड्या लागणाऱ्या भांड्यातही ओल असते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागतं, आणि जाड बुडातून तिला चटकन बाहेर पडता आलं नाही तर भांडं फुटतं. म्हणून भट्टी १०० अंशांच्या खालीच बराच वेळ रोखून धरतात. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांत मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं. शुद्ध केओलिन मातीच्या वजनात ते जवळजवळ १४ टक्के असतं! ते गेलं की माती पुन्हा पाण्यात विरत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांना, मातीतले गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम फुगतात. निवताना तितकेच आक्रसतात. तापताना माती सैल असल्याने ते बहुधा निभावतं. घट्ट झालेलं भांडं घाईने निववलं तर मात्र तडा जातो.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा ७०० ते ९०० अंशांचा. मातीतला सेंद्रिय भाग आणि गंधक इथे जळून जायला हवेत, त्यासाठी प्राणवायू हवा आणि तो भिंतीच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ हवा. घाई केली तर भांड्याचा पृष्ठभाग घट्ट होऊ लागतो आणि कार्बन आत अडकतो. असं भांडं बिस्कमधून अगदी निर्दोष दिसत बाहेर येतं. १२०० अंशांपुढच्या ग्लेझ-भाजणीत मात्र अडकलेला वायू बाहेर येऊ पाहतो, भिंत फुगते, ग्लेझवर टाचणीएवढी भोकं पडतात आणि दोष बिचाऱ्या ग्लेझला लागतो. महिनोन्महिने ग्लेझचं प्रमाण बदलत बसण्यापूर्वी एक भांडं फोडून त्याच्या भिंतीचा छेद पाहावा. गाभा काळा असेल तर दुरुस्ती बिस्कमध्येच करायची आहे. भांडं किती भाजलं हे नुसतं तापमान सांगत नाही, वेळही धरावा लागतो, हे भट्टीवाल्यांना फार पूर्वी उमगलं होतं. हर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनमध्ये आणि एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये ओहायोत बनवलेले, भट्टीत भांड्यांसोबत ठेवायचे आणि तापून वाकणारे शंकू उष्णता आणि वेळ यांचा एकत्रित परिणाम दाखवतात. भट्टी वेगाने चढवली तर तोच शंकू जास्त तापमानाला वाकतो.

यावर रास्त आक्षेप असा, की गावचा कुंभार गोवऱ्या आणि पाचोळा रचून काही तासांत माठ भाजतो, तेही एकाच भाजणीत. मग एवढी सावकाशी कशाला? त्याच्या मातीत राख, लीद, वाळू मिसळलेली असते. लीद जळून छिद्रं उरतात, वाफेला वाट मिळते. त्याची आच सहसा पृष्ठभाग बंद होण्याइतकी चढत नाही. फुटक्या खापराचा गाभा पुष्कळदा काळा दिसतोच, पण माठाला काचेसारखा थर द्यायचा नसल्याने ते बाधत नाही, उलट सच्छिद्रतेनेच पाणी गार राहतं. बारीक, चाळलेल्या स्टोनवेअर मातीला ही सवलत नाही. दुसरा आक्षेप वीजबिलाचा. १०० अंशांखाली भट्टी धरून ठेवायला वीज फार थोडी लागते. ६०० ते ७०० अंशांचा पट्टा झपाट्याने ओलांडता येतो, बचत तिथे करावी. कच्च्या भांड्यावरच ग्लेझ देऊन एकदाच भाजणाऱ्यांनाही पाणी आणि कार्बन काढून द्यावेच लागतात, तेसुद्धा ग्लेझ वितळून छिद्रं बुजवण्याआधी.